पूर्वचाचणीची पूर्वतयारी

तुम्हीच विषय काढलात म्हणून सांगतो, नाहीतर ही फजिती मी कुणाला न सांगता पचवणार होतो. पचत मात्र नाही. वर्ष होत आलं, अजून आठवण झाली की पंख्याखाली बसूनही मी खिशात रुमाल शोधतो.

आधी एक कबुली. मी पीएच.डी. आहे, रासायनिक अभियांत्रिकीत. नोकरीची शेवटची वीस वर्षं ताथवड्याच्या एका कॉलेजात शिकवलं, कित्येक मुलांचे प्रबंध तपासले, आणि संशोधनात कुठल्या चुका टाळाव्यात यावर दर वर्षी तासही घेतले. हे मोठेपणासाठी सांगत नाहीये हो. पुढचं ऐकलंत की तुम्हीच विचाराल, या माणसाला पदवी दिली कुणी? मलाही हा प्रश्न अधूनमधून पडतो.

तर आमच्या सुलभाची दोन्ही मूत्रपिंडं थकली, त्याला आता चार वर्षं होतील. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. सकाळी पिंपळे गुरवहून रिक्षा करायची, भोसरीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात पोचायचं, तिचं वजन करायचं, मग ती आत चार तास मशीनला आणि मी बाहेर बाकावर. माझं मूत्रपिंड तिला चालत नाही. वय आहे, मधुमेह आहे, त्यामुळे मला तपासणीच्या पहिल्याच पायरीवर परत पाठवलं. तिचं नाव यादीत आहे. कुणाचं तरी मिळेल तेव्हा मिळेल. तोवर मी काय करायचं? काळजी. ते काम मी पूर्णवेळ करतो.

तिला दिवसभराचं पाणी मोजून असतं. म्हणून मी तिच्यासमोर पाणी पीत नाही, स्वयंपाकघरात जाऊन चोरून पितो. एकदा ती आतून म्हणाली, "अहो, भांडं इतकं हळू ठेवू नका. जास्त ऐकू येतं."

असा मी. आता बाकावरची मंडळी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. एक वत्सलाबाई, मोशीच्या जुन्या घरातल्या. त्यांचे मालक डायलिसिसला असतात. शेतजमिनीवर आता सोसायट्या उभ्या आहेत, पण वत्सलाबाईंचा आवाज अजून बांधावरून पलीकडच्या बांधावर पोचेल असा. दुसरे शकीलभाई. भोसरीत त्यांचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, आईला घेऊन येतात. आई आत गेली की मोबाइलवर गॅरेजमधल्या माणसाला ओरडतात आणि फोन ठेवला की माझ्याशी अत्यंत अदबीने बोलतात. बाकी आठ-दहा जण येऊन-जाऊन. सगळ्यांमध्ये शिकलेला म्हणून मी एकटा. वत्सलाबाई मला मास्तर म्हणतात, शकीलभाई सर. गोळ्यांच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचायला माझ्याकडे येतात. खरं सांगू? मला ते आवडायचं. निवृत्तीनंतर माझ्याकडे कुणी काही वाचून घ्यायला आलं नव्हतं.

एका मंगळवारी शुभांगी सिस्टर आली. ही आमच्याच वॉर्डातली नर्स, परभणीची. हातातली नस एका झटक्यात शोधणारी म्हणून पेशंट तिच्या नावाने थांबून राहायचे. दोन वर्षांपूर्वी रजा काढून एम.एस्सी. नर्सिंग करायला गेली होती, आणि आता शोधप्रबंधासाठी आमच्याकडेच परतली होती. तिने आम्हाला एकत्र बसवून समजावलं. डायलिसिसच्या पेशंटला सांभाळणाऱ्या नातेवाइकांना अवयवदानाबद्दल काय माहीत आहे आणि काय वाटतं, हा तिचा विषय. शनिवारी ती एक फॉर्म भरून घेणार. मग तासभर चित्रं दाखवून माहिती सांगणार. आठवड्याने पुन्हा तोच फॉर्म. आधीच्या आणि नंतरच्या उत्तरांत किती फरक पडला, ते तिचं संशोधन.

"तयारी काहीच करायची नाही बरं का," ती म्हणाली. "माहीत आहे ते सांगायचं, नाही ते नाही. कुणी घाबरू नका."

आणि प्रत्येकाच्या हातात माहितीचा एक कागद दिला. वर ठळक अक्षरात छापलं होतं: पूर्वचाचणी.

आता मला सांगा, ज्याने आयुष्यभर हजारो मुलांना 'घाबरू नका' असं सांगून अवघड पेपर काढले, त्याने त्या शब्दांवर विश्वास कसा ठेवायचा? चाचणी हा शब्द वाचला आणि एकाहत्तराव्या वर्षी माझे तळहात ओले झाले.

सिस्टर आत गेली आणि वत्सलाबाई माझ्याकडे सरकल्या. "मास्तर, ह्यात नापास झालं तर काय व्हतंय?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, काही नाही हो आजी, आणि चहा मागवला असता. पण मला पुराव्याशिवाय ठाम विधान करता येत नाही. ती माझी खोड आहे. सुलभा म्हणते, लग्नाला होकार देतानाही मी 'सध्या तरी हरकत दिसत नाही' असं कळवलं होतं. मी विचार केला आणि अतिशय जबाबदारीने उत्तर दिलं. म्हणालो, "अवयव मिळण्याच्या यादीचा क्रम लावताना काही गुण धरतात, हे खरं आहे. पण ते गुण आणि हा फॉर्म यांचा संबंध असेल असं वाटत नाही. अर्थात, मी खात्रीने सांगू शकत नाही."

यात एक शब्द तरी खोटा आहे का? नाही. आणि तरीही एवढं बेजबाबदार वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नाही.

कारण वत्सलाबाईंनी 'यादीचे गुण असतात' एवढंच घेतलं आणि शकीलभाईंनी 'खात्री नाही' एवढंच. शकीलभाई खालच्या आवाजात शेजाऱ्याला सांगत होते, "सरांसारखा माणूस खात्री नाही म्हणतोय, म्हणजे आत काहीतरी आहे राव. त्यांना बोलता येत नसेल." सुलभा चार तासांनी बाहेर आली तेव्हा बाकावर पक्कं झालं होतं की शनिवारच्या फॉर्ममध्ये ज्याचे मार्क जास्त, त्याच्या पेशंटचा नंबर वर.

मी थांबवलं का? थांबवायचा प्रयत्न केला. म्हणालो, "असं मी म्हणालो नाही." शकीलभाई डोळा मिचकावून म्हणाले, "बरोबर सर, तुम्ही काहीच म्हणाला नाही."

रिक्षात बसल्यावर मला हसू आलं. नाशिक फाट्यापर्यंत ते पुरलं. पुढे मात्र नजर शेजारी गेली. सुलभा डोळे मिटून बसली होती, डायलिसिस झालं की तिचा चेहरा पांढरा पडतो. मला बुद्धीने ठाऊक होतं की फॉर्मचा आणि यादीचा काही संबंध नाही. पण शंभरात एक शक्यता असली तर? हजारात एक? आणि माझ्या चुकीच्या उत्तरामुळे तिचा नंबर एका पायरीनेही खाली गेला तर? हसू नका. चार वर्षं बाकावर बसून पाहा, मग हसा.

घरी आल्यावर मी सरकारी माहितीपत्रकं काढली, डोळे दुखेपर्यंत वाचली, तांबड्या शाईने अधोरेखित केली. संध्याकाळी शकीलभाईंचा फोन आला. सर, आमचंही काहीतरी बघा. तुम्ही वाचाल, आम्ही काय करायचं? गुरुवारी अर्धा तास द्या.

मी नाही म्हणायला हवं होतं. इथे, नेमकं इथे, माझ्या पीएच.डी.ने खाकरायला हवं होतं. 'अरे बाबा, ही पोरगी मोजणार आहे ते तुमचं अज्ञान. ते तू आधीच पुसून टाकलंस तर ती मोजणार काय?' हा धडा मी स्वतः फळ्यावर लिहून शिकवला आहे. पण कुणीतरी मला शिकवा म्हणालं होतं. माझ्या कानात तेवढंच शिरलं.

गुरुवारी हॉस्पिटलच्या मागे, जनरेटरच्या खोलीशेजारी, बदामाच्या झाडाखाली आमचा वर्ग भरला. मला वाटलं होतं आठ-दहा माणसं असतील. निघाली तीस-पस्तीस! शकीलभाईंनी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकलं होतं, त्यामुळे सोमवार-बुधवार-शुक्रवारची मंडळीही खास आली होती. एक जण कंपनीची शिफ्ट बदलून आला होता. मागच्या रांगेतल्या दोघी वह्या घेऊन बसल्या होत्या. आता एवढी हजेरी पाहिल्यावर कुठला मास्तर परत फिरेल?

मी आहाराच्या तक्त्याच्या पाठीवर मेंदू काढला. तो फ्लॉवरसारखा दिसत होता, पण त्याच कागदाच्या पुढच्या बाजूला फ्लॉवरचं चित्र असल्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. कोमा आणि मेंदूमृत्यू यांतला फरक मी दहा मिनिटं सांगितला. समोर सगळे चेहरे कोरे. शेवटी शकीलभाई उठले. म्हणाले, "गाडी बंद पडली आणि धक्का मारून चालू होण्याची आशा आहे, तो कोमा. इंजिनच फुटलं, आता काही केल्या चालू व्हायची नाही, पण लाइट, टायर, सीट अजून चांगले आहेत, तो मेंदूमृत्यू." एका मिनिटात वर्गाला समजलं. मी ते वाक्य कागदावर टिपून घेतलं, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

मग मी तंत्राकडे वळलो. हा माझा हातखंडा. पेपर काढणारा माणूस काय काय चलाखी करतो ते मला ठाऊक. दृष्टिकोनाचे प्रश्न असतील, त्यांना बरोबर-चूक असं उत्तर नसतं, असं मी सांगितलं. वत्सलाबाईंनी विचारलं, मग मार्क कशाचे? त्यावर मला उत्तर सुचेना, म्हणून म्हणालो, "मला विचाराल तर 'पूर्ण सहमत' हा सुरक्षित पर्याय. पण मध्ये एखादं उलटं विधान घातलेलं असतं. अवयव विकायला हरकत नाही, अशासारखं. तिथे 'पूर्ण असहमत'." मागच्या दोघींनी हे दोनदा लिहून घेतलं.

वर्ग संपत आला तेव्हा वत्सलाबाईंनी हात वर केला. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा लहान होता.

"मास्तर, आमी यादीत नाव लावून बसलोय. म्हंजी कुणीतरी मरायची वाट बघतोय का आमी?"

हा प्रश्न माझ्या माहितीपत्रकात नव्हता. मी चष्मा पुसत राहिलो. हा प्रश्न मी तीन वर्षं रोज स्वतःला विचारत होतो, आणि वत्सलाबाईंना तो मोठ्याने विचारता आला.

उत्तर शकीलभाईंनी दिलं. म्हणाले, "नाही मावशी. तो आपल्यासाठी मरत नाही. त्याचं जे व्हायचं ते होणारच असतं. त्याच्या घरचे लोक रडता रडता कुणाचा तरी विचार करतात, तेवढं आपल्या वाट्याला येतं. आपण वाट बघतो ती त्या विचाराची."

वत्सलाबाई म्हणाल्या, "मग आपल्या घरात बी आधी बोलून ठिवाय पायजे." आणि पदर खोचून उठल्या.

शनिवार उजाडला. हॉस्पिटलात शिरलो तर वत्सलाबाई दारात वाटी घेऊन उभ्या. दही-साखर! प्रत्येकाच्या तळहातावर एक-एक चमचा. मंडळी आंघोळी करून, इस्त्रीचे कपडे घालून आली होती. दोन-दोन पेनं खिशात. शुभांगी सिस्टर हे बघून म्हणाली, "आज काय लग्नबिग्न आहे का कुणाचं?" सगळे खाली बघून हसले. शाळेत कॉपी करायच्या आधी मुलं हसतात तसं.

फॉर्म वाटले. बाकावर एवढी शांतता मी कधी पाहिली नव्हती. वत्सलाबाई वाचताना अडखळतात, म्हणून सिस्टर त्यांना बाजूला घेऊन प्रश्न वाचून दाखवत होती. सिस्टर प्रश्न संपवायच्या आत वत्सलाबाई उत्तर सांगत होत्या. दहा मिनिटांत सगळ्यांचे फॉर्म जमा झाले. माझा सगळ्यांत शेवटी गेला, पण ते राहू द्या. सोमवारी दुसऱ्या गटाचंही असंच झालं, असं शकीलभाईंनी आनंदाने कळवलं. "सर, सगळे पास. गॅरंटी."

मंगळवारी सुलभाला मशीन लावून झालं होतं. मला आत पाच मिनिटं थांबू देतात. मी तिच्या पायावर पांघरूण नीट करत होतो, तर शुभांगी सिस्टर आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "सर, तुम्ही पुष्कळ प्रबंध तपासले आहेत ना? मला जरा सल्ला पाहिजे."

तिने सांगितलं ते असं. तिच्या गाइड मॅडमनी फॉर्म पाहिले आणि बाजूला सारले. बहुतेक सगळ्यांना जवळजवळ पूर्ण गुण. उलट्या विधानांवरसुद्धा कुणी फसलेलं नाही. मॅडमनी सरळ विचारलं होतं, हे फॉर्म तू घरी बसून स्वतः भरलेस का? महिनाअखेर प्रबंध द्यायचा आहे, रजा तेव्हाच संपते. खोटी माहिती भरल्याचा ठपका आला तर प्रबंध जाईलच, पण ज्या हातावर पेशंट विश्वास ठेवतात त्या हातावरही डाग लागेल. "मी नाही हो भरले, सर," ती म्हणाली. "पण मॅडमना पटवू कसं? असं कशाने झालं असेल?"

आणि मी काय केलं? ऐका. मी हनुवटी चोळली आणि तिला व्याख्यान दिलं. म्हणालो, हा नमुना दूषित झाल्याचा प्रकार दिसतो. चाचणीपूर्वी बाहेरून माहितीचा शिरकाव झाला असावा. कुणीतरी या लोकांना पद्धतशीर शिकवलेलं असणार. मी थांबायला हवं होतं, पण सवय! पुढे म्हणालो, "आणि हे काम कुणा शिकल्यासवरलेल्या माणसाचं आहे."

सिस्टर विचारात पडली. म्हणाली, "असं कोण असेल, सर?"

खाटेवरून आवाज आला. "अहो."

सुलभाच्या हाताला दोन नळ्या जोडलेल्या होत्या, हलता येत नव्हतं. तिने डोळेही पूर्ण उघडले नाहीत.

"तुम्ही सांगताय, की मी सांगू?"

मी सांगितलं. कसं सांगितलं ते विचारू नका. 'एका अर्थाने', 'अप्रत्यक्षपणे' आणि 'परिस्थितीच्या रेट्यामुळे' हे शब्द मी इतक्या वेळा वापरले की तिसऱ्यांदा ऐकल्यावर सुलभाच म्हणाली, "यांनी झाडाखाली शिकवणी घेतली गं. मला त्यांच्या खिशात मेंदूचं चित्र सापडलं."

सिस्टरने कपाळावर हात मारला नाही, ओरडली नाही. तिथल्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "सर, मी तुम्हाला तयारी करू नका म्हणाले होते ना." एवढंच. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी तिच्या कॉलेजात गेलो. मी एकटा जाणार होतो, पण वत्सलाबाईंनी ऐकलं आणि त्या निघाल्या, आणि त्या निघाल्या म्हणून शकीलभाईंनी रिक्षा थांबवली. पेशंटच्या जवळ शकीलभाईंची बहीण बसली. वाटेत मी त्यांना पुन्हा एकदा सांगितलं की यादीचा आणि फॉर्मचा काडीचा संबंध नाही, खात्रीने नाही. वत्सलाबाई म्हणाल्या, "मग तवाच तसं बोलायचं की वो."

गाइड मॅडम पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेल्या. मी प्रस्तावना सुरू केली. ती लांबली असावी, कारण वत्सलाबाईंनी मध्येच मला हाताने मागे सारलं.

"बाई, पोरीची काय बी चूक न्हाई. शिकिवलं मास्तरांनी, शिकलो आमी. पायजे तर इचारा."

मॅडमनी खरंच विचारलं. मेंदूमृत्यू झाला हे ठरवतं कोण?

"डॉक्टर. एक न्हाई, चार. दोनदा तपासत्यात, मधी कमीत कमी सहा तास जाऊ देत्यात. अन् घरच्यांनी व्हय म्हटल्याबिगर कायबी काढत न्हाईत. म्हणून म्या पोरांना अन् सुनांना बशिवलं अन् सांगून ठिवलं, माझं जे कामाचं आसंल ते द्या."

मॅडम शुभांगीकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे फॉर्म तू भरले नाहीस." शुभांगीने मान हलवली आणि पहिल्यांदा डोळे पुसले. माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी इतका मोकळा झालो की मॅडमना विचारून बसलो, "मग आता हे नमुने वाचवता येतील का?"

मॅडम म्हणाल्या, नाही. ज्यांना आधीच सगळं येतं त्यांना शिकवून फरक दाखवता येत नाही. मग त्यांनी गठ्ठ्यातून एक फॉर्म काढला. फॉर्मवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो.

"एवढा एकच खरा वाटतो," त्या शुभांगीला म्हणाल्या. "सतरा नंबर. हा शिकवणीला गेलेला दिसत नाही. तीस प्रश्नांपैकी बावीसला 'अनिश्चित'. शिक्षणाचा रकाना कोरा, म्हणजे शाळेत गेलेला नसावा. व्यवसाय, काही नाही. आणि बिचाऱ्याने प्रश्नांच्या कडेला काहीतरी खरडलंय, ते वाचता येत नाही. अशाच माणसासाठी आपण हे काम करतो, शुभांगी. याला शोध आणि नीट समजावून सांग."

मी फॉर्मकडे पाहिलं. कडेला लिहिलेलं मला वाचता येत होतं. 'विधान संदिग्ध आहे', 'कोणत्या परिस्थितीत?', 'संदर्भ द्यावा'. शिक्षणाच्या रकान्यात पर्याय पदव्युत्तरपर्यंतच होते. पीएच.डी.ला चौकट नव्हती, आणि चुकीच्या चौकटीत खूण करणं मला प्रशस्त वाटलं नव्हतं.

शकीलभाई वाकून बघत होते. त्यांनी एकदा फॉर्मकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि खिडकीतून बाहेर बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते.

"तो माझा आहे," मी म्हणालो.

मॅडमनी टेबलावरचं पाणी उचललं आणि सावकाश सगळं प्यायलं. मला वाटतं, तेवढ्या वेळात त्यांनी बरंच काही गिळलं.

निर्णय असा झाला. आमच्याकडचे सगळे फॉर्म बाद. प्रबंधाला आणि रजेला महिनाभर मुदत वाढवून घ्यायची, मी लेखी खुलासा द्यायचा, आणि शुभांगीने चाकणच्या एका डायलिसिस केंद्रावर सगळं पहिल्यापासून करायचं. निघताना मॅडमनी मला विचारलं, "सर, चाकणला तुमचं कुणी नातेवाईक, ओळखीचं?" कुणी नाही, म्हणालो. "कृपा करून कुणाशी ओळख करून घेऊ नका," त्या म्हणाल्या.

तो महिनाभर शुभांगी चाकणला खेपा घालायची आणि मी चाकणच्या दिशेला पाठ करून बसायचो, जवळजवळ. शकीलभाईंनी तिला एक दुरुस्त केलेली स्कूटी वापरायला दिली. मी खुलासा चार वेळा लिहिला. पहिला सोळा पानांचा झाला होता.

प्रबंध मंजूर झाला. ज्या दिवशी शुभांगी सिस्टर वॉर्डात परत रुजू झाली, त्या दिवशी तिने पेढे आणले आणि बांधलेली प्रत मला दाखवली. मी आधी आभाराचं पान काढलं. गाइड मॅडम, आईवडील, वत्सलाबाई, स्कूटीसाठी शकीलभाई. मी कुठेच नव्हतो. साहजिक आहे, मी म्हणालो, आणि प्रत मिटायला लागलो.

"तुम्ही मागे आहात, सर," ती म्हणाली. आणि तिने शेवटचं प्रकरण उघडून दिलं. अभ्यासाच्या मर्यादा. मुद्दा तिसरा.

मी सुलभाच्या खाटेशी बसून तो तिला वाचून दाखवला. 'पहिल्या केंद्रावरील सर्व प्रतिसाद वगळावे लागले, कारण तेथील एका नातेवाइकाने चाचणीपूर्वीच इतरांना विषय शिकवला होता. या नातेवाइकाची शैक्षणिक पातळी उपलब्ध नोंदींवरून निश्चित करता आली नाही.'

मी सिस्टरकडे पाहिलं. ती गंभीरपणे म्हणाली, फॉर्मवर नाही ते लिहिता येत नाही, सर.

सुलभाने डोळे मिटूनच मान हलवली. "मुलगी अभ्यासू आहे," ती म्हणाली.